मुंबईत बसून सिंगापूरला ॲप आणि शिकवण्या विकायच्या : कर, डेटा, एसएमएस, पैसे

खारफुटी

मंडळी, नेमका प्रश्न आहे म्हणून नवा धागा काढतेय.

गोरेगावच्या एका छोट्या कंपनीची दोन उत्पादनं आहेत. एक, परदेशातल्या मराठी मुलांसाठी शिकवणीचं ॲप. त्यात रेकॉर्ड केलेले धडे आहेत आणि आठवड्यातून एकदा थेट ऑनलाइन वर्ग. दुसरं, फिजिओथेरपीच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, महिन्याच्या वर्गणीवर. दोन्ही आता सिंगापुरात विकायची आहेत. तिथे ऑफिस नाही, माणूस नाही, एवढ्यात ठेवायचाही नाही.

जो तो म्हणतो, सिंगापूर व्यापाराला एकदम मोकळं, काही लागत नाही. मला हे पटत नाही. बृहन्मुंबईहून जेमतेम मोठा असलेला हा देश दारात अडवत नाही हे खरं, पण आत गेल्यावर कायदे आहेत आणि ते कडक राबवले जातात. परवाना लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत असा होत नाही.

तिथला जीएसटी कधी लागू होतो, मुलांचा आणि रुग्णांचा डेटा मुंबईत ठेवता येतो का, ओटीपीचे एसएमएस पोचतात का, आणि पैसे कोणत्या वाटेने आणायचे, या चार गोष्टींवर जाणकारांनी लिहावं. ऐकीव नको, नेमकं हवं.

हिशोबनीस

कराचं मी घेतो.

सिंगापूरचा जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. परदेशी विक्रेत्यांसाठी तिथे 'ओव्हरसीज व्हेंडर रजिस्ट्रेशन' नावाची पद्धत आहे. १ जानेवारी २०२० ला ती सुरू झाली तेव्हा फक्त डिजिटल सेवांना होती, म्हणजे ॲप, वर्गणी, डाउनलोड वगैरे. १ जानेवारी २०२३ पासून ती दुरून दिलेल्या सगळ्याच सेवांना लागू झाली. त्यामुळे तुमचे रेकॉर्ड केलेले धडे पहिल्यापासून कक्षेत होते आणि थेट वर्ग २०२३ पासून आले. 'समोर शिक्षिका बसून शिकवते, मग ही डिजिटल सेवा कुठे?' हा युक्तिवाद आता चालत नाही.

नोंदणीला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम ओलांडल्या गेल्या पाहिजेत. जगभरची वार्षिक उलाढाल १० लाख सिंगापूर डॉलरच्या वर, आणि सिंगापुरातल्या जीएसटी-नोंदणी नसलेल्या ग्राहकांना विक्री १ लाख डॉलरच्या वर. आजच्या भावाने पहिला आकडा सात कोटी रुपयांच्या घरात, दुसरा सत्तर लाखांच्या आसपास. जगभरच्या उलाढालीत भारतातली विक्रीही धरायची, हे बरेच जण विसरतात.

हिशोब कॅलेंडर वर्षाचा. ३१ डिसेंबरला दोन्ही आकडे ओलांडलेले दिसले तर ३० जानेवारीपर्यंत अर्ज, आणि १ मार्चपासून कर आकारायचा. पुढच्या बारा महिन्यांत ओलांडणार याची खात्री असेल, उदाहरणार्थ मोठा करार हातात आला, तर तेव्हापासून ३० दिवसांत अर्ज. मार्च अखेरची सवय असलेल्या आपल्या हिशेबखात्याला हे कॅलेंडर वर्ष वेगळं मांडून ठेवावं लागतं.

मोगरा_पार्ले

वाचनखूण साठवली. पुढचं येऊ द्या.

सुरंगी

@हिशोबनीस, सगळं बरोबर, पण 'जीएसटी-नोंदणी नसलेले ग्राहक' यावर जरा थांबा. बहुतेक लोक याचा अर्थ 'घरगुती ग्राहक' असा घेतात आणि तिथेच फसतात.

सिंगापुरात ज्या धंद्याची करपात्र उलाढाल १० लाख डॉलरच्या आत आहे त्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे दोन खोल्यांचा फिजिओचा दवाखाना बहुधा नोंदणीकृत नसणार. तो व्यवसाय असला तरी या पद्धतीत त्याची गणना ग्राहकातच होते. खारफुटीताई, तुमचे सगळे दवाखाने 'व्यवसाय ते व्यवसाय' म्हणून बाजूला काढू नका. १ लाख डॉलरची मर्यादा मोजताना ते धरावे लागतील.

ग्राहक नोंदणीकृत असेल तर त्याने आपला जीएसटी नोंदणी क्रमांक द्यायचा. साइन-अपच्या फॉर्मवरच तो रकाना ठेवा. क्रमांक आला तर कर लावायचा नाही. नाही आला तर, तुमची नोंदणी झालेली असेल त्या दिवसापासून, ९ टक्के लावायचे. तोंडी 'आम्ही कंपनी आहोत' याला किंमत नाही.

चाकरमानी_डोंबिवली

ॲप स्टोअरमधून विकलं तर?

हिशोबनीस

@चाकरमानी, तिथला कायदा अशा बाजारपेठ चालवणाऱ्याला विक्रेता मानतो. ॲपल किंवा गूगलच्या दुकानातून सिंगापुरातल्या ग्राहकाने वर्गणी घेतली तर त्या व्यवहारावरचा कर दुकान गोळा करून भरतं, तुम्ही पुन्हा लावायचा नाही. पण त्याच ॲपची वर्गणी स्वतःच्या वेबसाइटवरून विकली, तर ती विक्री तुमची. दोन्ही वाटांचे आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, नंतर सोडवणं जिकिरीचं होतं.

सुरंगीताईंची दुरुस्ती एकदम योग्य.

नोंदणी झाली तर घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी विक्रेत्याला सोपी 'फक्त भरणा' पद्धत मिळते. तिमाही विवरण, तिमाही संपल्यावर एका महिन्यात भरायचं, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, स्थानिक प्रतिनिधी नेमायची गरज नाही. कागद पाच वर्षं जपायचे. किंमत मात्र करासकट दाखवावी लागते. २० डॉलरची वर्गणी करासकट असेल तर कर २० × ९ ÷ १०९, म्हणजे १ डॉलर ६५ सेंट. बरेच जण सरळ २० चे ९ टक्के काढून १ डॉलर ८० भरतात आणि प्रत्येक वर्गणीमागे १५ सेंट स्वतःच्या खिशातले घालवतात.

आगरी_बाणा

पण ग्राहक सिंगापुरात आहे हे ठरवायचं कशावरून? ठाण्यातला मुलगा नोकरीला तिथे, कार्ड इथलं, मुलगी क्लासला तिथून बसते. अशी घरं भरपूर आहेत.

सुरंगी

@आगरी_बाणा, चांगला मुद्दा. एकमेकांशी विसंगत नसलेले दोन पुरावे लागतात. पुरावे तीन प्रकारचे: पैसे कुठून आले (कार्ड किंवा बँक खात्याचा देश), राहणं कुठे (बिलाचा पत्ता), वापर कुठून (आयपी पत्ता किंवा सिमकार्डाचा देश-कोड). तुमच्या उदाहरणात कार्ड भारतातलं, पण पत्ता आणि आयपी सिंगापूरचे, म्हणजे दोन जुळले आणि ग्राहक सिंगापूरचा ठरला.

यासाठी हे तीनही तपशील व्यवहाराच्या क्षणी नोंदवले गेले पाहिजेत. आयपीची नोंद सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर सर्व्हरच्या लॉगमधून ती केव्हाच पुसलेली असते. ऑर्डरच्या नोंदीतच देश-कोडाचे तीन रकाने जोडून टाका.

पालवी

डेटाबद्दल मी लिहिते, कारण या दोन उत्पादनांची डेटाची बाजू अगदी वेगवेगळी आहे आणि धाग्यात ती एकत्र होऊ नये असं वाटतं.

सिंगापूरचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०१२ चा, मुख्य तरतुदी २ जुलै २०१४ पासून लागू. कंपनी तिथे नोंदवलेली नसली, ऑफिस नसलं, तरी तिथल्या लोकांचा डेटा गोळा केलात की तो लागू होतो. डेटा देशातच ठेवा अशी सरसकट सक्ती तो करत नाही. मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवता येतो. अट एवढीच की बाहेर नेलेल्या डेटाला तिथल्या तोडीचं संरक्षण मिळालं पाहिजे आणि ते करारात लिहिलेलं असलं पाहिजे. आसियानने जानेवारी २०२१ मध्ये यासाठी नमुना कलमं काढली आहेत. ती जशीच्या तशी वापरलीत तर दवाखान्याचा वकील सहसा खळखळ करत नाही.

आता फरक. शिकवणीच्या ॲपमध्ये मुलांचा डेटा तुम्ही स्वतःच्या कामासाठी घेता. त्यामुळे तुम्ही पूर्ण जबाबदार 'संस्था'. संमती, हेतू सांगणं, दुरुस्तीचा हक्क, ठेवण्याची मुदत, सगळं तुमच्यावर. डेटा संरक्षण अधिकारी नेमणं सक्तीचं आहे. नवा माणूस घ्यायला नको, संचालकांपैकी एकीचं नाव चालतं, पण संपर्काचा पत्ता वेबसाइटवर दिसला पाहिजे. मुलांच्या बाबतीत तिथल्या डेटा संरक्षण आयोगाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शन दिलं. १३ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती हवी. १३ वर्षं आणि पुढचं मूल स्वतः संमती देऊ शकतं, पण धोरण त्याला कळेल अशा भाषेत हवं. आपल्या भारतातल्या २०२३ च्या डेटा कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. दोन देशांसाठी एकच ॲप असेल तर १८ धरूनच बांधा, त्रास वाचतो.

दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा दवाखान्याचा, तुम्ही त्याच्या सांगण्यावरून तो हाताळणारे 'डेटा मध्यस्थ'. तुमच्यावर थेट येतात त्या मुख्यतः दोन जबाबदाऱ्या: सुरक्षित ठेवणं आणि गरज संपल्यावर न ठेवणं. शिवाय गळती झाल्याचं लक्षात आलं की विनाविलंब दवाखान्याला कळवणं. हे मध्यस्थपण मिळतं ते लेखी करारामुळे. करार नसेल, किंवा तुम्ही त्याच रुग्णांना स्वतःची जाहिरात पाठवायला लागलात, तर हे संरक्षण गेलं.

मोगरा_पार्ले

गळती झाली तर नेमकं काय करायचं? दवाखान्याने आणि यांनी, दोघांनीही?

पालवी

@मोगरा_पार्ले, १ फेब्रुवारी २०२१ पासून कळवणं सक्तीचं आहे. शंका आल्यावर गळती गंभीर आहे का हे ३० दिवसांच्या आत तपासायचं. ५०० किंवा जास्त लोकांचा डेटा असेल, किंवा लोकांना मोठी इजा होण्यासारखा असेल (आरोग्याची माहिती इथे येते), तर ती 'कळवण्याजोगी' ठरते. तसं ठरवल्यापासून तीन कॅलेंडर दिवसांत आयोगाला कळवायचं. शनिवार-रविवार त्यातच मोजायचे. हे काम दवाखान्याचं. सॉफ्टवेअरवाल्याचं काम म्हणजे दवाखान्याला ताबडतोब सांगणं आणि लॉग हातात देणं. म्हणून करारात 'विनाविलंब' एवढंच न लिहिता तास लिहा. २४ तास लिहिलेत तर दोन्ही बाजू निर्धास्त.

दंड कागदावरचा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून कमाल मर्यादा १० लाख डॉलर किंवा सिंगापुरातल्या वार्षिक उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते. त्याआधीच, २०१८ मध्ये सिंगहेल्थ या सरकारी रुग्णालय समूहातून १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. तेव्हाचे पंतप्रधान ली ह्सिएन लूंग यांचीही त्यात होती. २०१९ मध्ये दोन दंड झाले, आणि मोठा दंड रुग्णालय समूहाला झाला नाही. समूहाला अडीच लाख डॉलर, आणि त्याची संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेला साडेसात लाख. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

टिळकब्रिज

धागाकर्तीशी मी असहमत. सिंगापूर मोकळंच आहे. भारतात पेमेंटचा डेटा देशातच ठेवायचं बंधन रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला घातलं. सिंगापूर तसं करत नाही. दारू, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम पदार्थ सोडले तर आयातशुल्कही जवळपास नाही. चिली आणि न्यूझीलंडबरोबर त्यांनी १२ जून २०२० ला डिजिटल अर्थव्यवस्थेचा करार केला, ३ मे २०२४ ला दक्षिण कोरिया त्यात आला. जागतिक व्यापार संघटनेत ई-कॉमर्सची बोलणी ऑस्ट्रेलिया आणि जपानबरोबर तेच पुढे नेतात. आपण त्या गटात नाही. यालाच मोकळेपणा म्हणतात ना?

खारफुटी

@टिळकब्रिज, करार देशादेशांमधले झाले. माझा प्रश्न गोरेगावच्या कंपनीचा आहे. तिला आयातशुल्क नाही याने आनंद आहेच, पण ओटीपी पोचला नाही तर ग्राहक लॉगिन करू शकत नाही. अडचण तिथे येते. बाकी भारत आणि सिंगापूरच्या २००५ च्या सर्वंकष आर्थिक सहकार्य करारातही ई-कॉमर्सचं प्रकरण आहे, म्हणजे आपण अगदीच बाहेर नाही.

आगरी_बाणा

ओटीपीचं मात्र खरंच त्रासदायक आहे, सांगतो.

३१ जानेवारी २०२३ पासून सिंगापुरात अक्षरी नावाने (म्हणजे नंबराऐवजी कंपनीचं नाव दिसेल असा) एसएमएस पाठवायचा तर ते नाव तिथल्या नोंदवहीत नोंदवलेलं असलं पाहिजे. नोंदणीला यूईएन, म्हणजे तिथला संस्था क्रमांक लागतो. मुंबईच्या कंपनीकडे तो नसतो. नाव न नोंदवता पाठवलात तर मेसेज जातो, पण ग्राहकाच्या फोनवर तुमच्या नावाऐवजी 'लाइकली-स्कॅम' असं येतं. त्याच शीर्षकाखाली खऱ्या भामट्यांचे मेसेजही एकाच रांगेत गोळा झालेले असतात. वरती 'तुमचं पार्सल अडकलंय, इथे टिचकी मारा' आणि त्याच्या खाली तुमचा सहा अंकी ओटीपी. कोण विश्वास ठेवेल?

इलाज: एसएमएसवर विसंबूच नका. ईमेलवर ओटीपी, दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना ऑथेंटिकेटर ॲपचा कोड, पालकांना ॲपमधलं नोटिफिकेशन. अपॉइंटमेंटची आठवण पाठवायची असेल तर नाव दवाखान्याचं वापरा. त्याच्याकडे यूईएन असतो, तो स्वतःचं नाव नोंदवू शकतो. तुम्ही फक्त त्याचं खातं आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचं.

चाकरमानी_डोंबिवली

आणि व्हॉट्सॲपवर जाहिरात?

आगरी_बाणा

'डू नॉट कॉल' नोंदवही बघितल्याशिवाय नाही. तिच्यात तीन याद्या आहेत: फोन, मेसेज, फॅक्स. फोन नंबरावर जाणारा व्हॉट्सॲप मेसेजही मेसेजच्या यादीत येतो. पाठवणारा मुंबईत आहे याने सुटका नाही, घेणारा सिंगापुरात असला की पुरे. ग्राहकाने लेखी, स्पष्ट संमती दिली असेल तर तपासणी नको. साइन-अपवर आधीच टिक केलेली चौकट ही संमती धरू नका.

ईमेलचा कायदा निराळा, २००७ चा. एकाच विषयाच्या शंभरावर न मागितलेल्या मेल २४ तासांत गेल्या तर ते 'घाऊक' झालं. (महिन्यात हजार आणि वर्षात दहा हजार हेही निकष आहेत.) मग विषयाच्या सुरुवातीला कोनी कंसात 'एडीव्ही' ही तीन रोमन अक्षरं टाकायची, नकार कळवायची सोय द्यायची, आणि नकार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत थांबायचं.

मीठागर

@पालवी, एनआरआयसीबद्दल लिहायचं राहिलं का? आपल्याकडचे डेव्हलपर आधारच्या सवयीने तो रकाना टाकतात.

पालवी

@मीठागर, बरं झालं आठवण केलीत. तिथला राष्ट्रीय ओळख क्रमांक १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्याने गरज असल्याशिवाय मागायचा नाही. शिकवणीच्या ॲपला तो मागायचं काहीच कारण नाही. दवाखान्याला रुग्णाच्या नोंदीसाठी लागतो. म्हणून दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना असावा, पण लॉगिनचं नाव किंवा पासवर्ड म्हणून कधीही नको. 'शेवटची चार अक्षरं हाच सुरुवातीचा पासवर्ड' ही पद्धत तर मुळीच नको. पूर्ण असो वा अर्धवट, तो क्रमांक ओळख पटवायला वापरू नका, असं २०२५ मध्ये तिथल्या यंत्रणांनी खासगी कंपन्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

लोकल_९_१०

पैशाचा मुद्दा कुणी घेतला नाही अजून. यूपीआय आणि पेनाऊ (सिंगापूरची यूपीआयसारखी पद्धत) जोडलंय ना २१ फेब्रुवारी २०२३ ला? मग पालकांनी सरळ मोबाइल नंबरवर पाठवावेत की.

हिशोबनीस

@लोकल_९_१०, नाही! ही चूक करू नका. ती जोडणी माणसाने माणसाला पाठवण्यासाठी आहे, दिवसाला ६० हजार रुपयांपर्यंत, आणि हेतू दोनच: नातेवाइकांचा निर्वाह किंवा भेट. शिकवणीची फी त्यातून घेतली तर कागदावर ती निर्यातीची कमाई राहत नाही. भारताच्या जीएसटीत सेवा 'निर्यात' ठरायला पैसे परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत) आणि त्या सेवेपोटी आलेले असावे लागतात. संचालकांच्या वैयक्तिक खात्यात 'भेट' म्हणून आलेल्या पैशाने शून्य कर मागता येत नाही. मग इथला १८ टक्के जीएसटी खिशातून.

बरोबरची वाट दोन प्रकारची. दवाखान्यांसाठी बँकेतून वायर (थेट परदेशी बँक हस्तांतर), पालकांच्या छोट्या रकमांसाठी सीमापार पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून विक्रेत्याला देणारी मध्यस्थ कंपनी. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ ला त्यांचे नियम काढले. एका वस्तू किंवा सेवेची कमाल किंमत २५ लाख रुपये. वर्गणीला पुष्कळ झालं. ॲग्रिगेटर रोजचे व्यवहार एकत्र करून खात्यात टाकतो. त्याच्याकडून परकीय चलन आल्याचा दाखला आणि व्यवहारवार यादी दोन्ही दरमहा घ्या. नुसता दाखला असून यादी नसेल तर कोणतं बिल कशात मिटलं ते दाखवता येत नाही.

वायरमध्ये हमखास होणारी गोष्ट: बिल १,००० डॉलरचं, मधल्या बँकेने शुल्क कापून हातात ९८० आले. वीस डॉलर बाकी दिसतात आणि बँकेच्या निर्यात नोंदीत ते बिल उघडं राहतं. बिलावरच लिहा की सर्व बँक शुल्क पाठवणाऱ्याकडे. तरी कापले गेले तर ते 'बँक शुल्क' म्हणून बिलाशी जोडून मिटवायला शाखेला पत्र द्या, त्याच महिन्यात.

टिळकब्रिज

हिशोबनीस, बिलाचा नमुना तोंडी सांगाल का? दर वेळी इथे घोळ होतो.

हिशोबनीस

ग्राहकाचं नाव, सिंगापूरचा पत्ता, पुरवठ्याचं ठिकाण 'इतर देश', कोड ९६. सेवेचा कोड. रक्कम सिंगापूर डॉलरमध्ये, शेजारी रुपयांत आणि विनिमय दर. खाली शिक्का किंवा छापील ओळ: 'सप्लाय मेंट फॉर एक्स्पोर्ट अंडर बाँड ऑर लेटर ऑफ अंडरटेकिंग विदाउट पेमेंट ऑफ इंटिग्रेटेड टॅक्स'. ही ओळ नसल्यामुळे परताव्याच्या वेळी प्रश्न येतात. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात हे बिल ६ए तक्त्यात जातं, बाकीच्या आंतरराज्य विक्रीत नाही.

कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी (वरच्या ओळीतलं 'लेटर ऑफ अंडरटेकिंग'), आर्थिक वर्षापुरतं असतं. ३१ मार्चच्या आत पुढच्या वर्षाचं भरा. आणि बिलाच्या तारखेपासून वर्षभरात पैसे आले नाहीत तर त्यानंतर १५ दिवसांत कर व्याजासकट भरायचा. फुकट चाचणीसाठी दिलेल्या आणि नंतर पैसे न दिलेल्या दवाखान्यांची बिलं इथेच अडकतात. चाचणीच्या काळाचं बिल काढूच नका.

सॉफ्टवेअरच्या निर्यातीला एसटीपीआय या सरकारी संस्थेकडे सॉफ्टेक्स हा निर्यात जाहीर करायचा फॉर्मही लागतो, बिलापासून ३० दिवसांत. महिन्याची बिलं एकत्र भरता येतात. कंपनीची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मात्र आपल्या जीएसटीच्या नोंदणीचीच सक्ती नाही, निर्यात असली तरी.

सुरंगी

यात एक भर. दवाखाना 'परदेशी कंपनीला पैसे देतोय' म्हणून १० टक्के कर कापायला निघाला तर? साध्या वापराच्या सॉफ्टवेअरला, जिथे नक्कल करून विकायचा हक्क दिलेला नाही, सिंगापूर असा कर लावत नाही. सेवा असेल आणि ती पूर्णपणे सिंगापूरबाहेर बसून दिली असेल तर तांत्रिक सेवा म्हणूनही नाही. करारात 'सर्व काम भारतात' आणि 'फक्त वापराचा हक्क' ही दोन वाक्यं असू द्या. तरी त्यांचा हिशेबनीस अडून बसला तर आयकर खात्याकडून भारतात निवासी असल्याचा दाखला घ्या.

मोगरा_पार्ले

अवांतर: ॲपबरोबर पुस्तकं आणि चित्रकार्डांचा संच पाठवला तर? दिवाळीत फराळाचा डबा पाठवायचा मोहही होणारच. :)

सुरंगी

@मोगरा_पार्ले, ४०० डॉलरपर्यंतचा माल हवाईमार्गे किंवा टपालाने आला, तर २०२३ पासून कर विक्रीच्या वेळी लागतो, आणि तोही विक्रेता वरच्या दोन अटींत नोंदवलेला असेल तरच. नोंदवलेला नसेल तर ४०० पर्यंत आयातीवर सूट अजून आहे. ४०० च्या वर गेलं की सीमेवर ९ टक्के. म्हणून पुस्तकांचे संच एका मोठ्या खोक्यात भरून एकाच पत्त्यावर पाठवायचे आणि तिथून वाटायचे, हा काटकसरीचा विचार उलटा पडतो. फराळ घरच्या माणसाला पाठवणं वेगळं. वर्गणीबरोबर विकायचा झाला तर तो अन्नाची व्यापारी आयात ठरतो आणि तिथल्या अन्न प्राधिकरणाचा परवाना असलेला आयातदार लागतो. चकल्या बाजूला ठेवा, पुस्तकं पाठवा.

मीठागर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिथे प्रायव्हेट लिमिटेड काढा ना. भांडवल एक डॉलर चालतं, कर १७ टक्के, यूईएन मिळतो, एसएमएसचा प्रश्नही सुटला.

हिशोबनीस

@मीठागर, यूईएनपुरती कंपनी काढणं महाग पडेल. किमान एक संचालक सिंगापुरात राहणारा हवा. तुमचं कोणी नसेल तर भाड्याने नाव घ्यावं लागतं, आणि ९ जून २०२५ पासून अशी धंदेवाईक नावं फक्त नोंदणीकृत सेवा संस्थांमार्फतच आणि तपासणीनंतर देता येतात. फी दरवर्षी. शिवाय सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी, स्थानिक पत्ता, वार्षिक विवरणं.

इकडेही काम वाढतं. बाहेर भांडवल पाठवलं की २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम आले, बँकेत फॉर्म एफसी आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल. एक डॉलर पाठवलात तरी अहवाल पूर्ण लागतो.

मीठागर

पण मोठ्या रुग्णालयांची खरेदी खाती परदेशी पुरवठादाराला यादीवरच घेत नाहीत, हे तुम्ही धरलं नाही. त्यांना विकायचं तर स्थानिक कंपनी लागतेच. सगळे निर्णय गोरेगावात झाले तर ती कंपनी आयकरात भारतीय ठरेल अशी भीती घातली जाते, पण ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढालीच्या कंपनीला तो नियमच लावत नाहीत.

हिशोबनीस

मोठ्या रुग्णालयांसाठी मान्य. दोन खोल्यांच्या दवाखान्यांसाठी नाही.

लोकल_९_१०

शिकवणी ॲपमध्ये 'नाणी' द्यायचा बेत असेल तर पेमेंटचा परवाना लागतो का? मुलांनी धडा पूर्ण केला की नाणी, पालकांनी विकतही घ्यायची.

आगरी_बाणा

@लोकल_९_१०, तिथला पेमेंट सेवा कायदा २८ जानेवारी २०२० पासून लागू आहे. नाणी फक्त तुमच्याच ॲपमधल्या धड्यांसाठी चालत असतील आणि रोख परत मिळत नसतील, तर ती मर्यादित वापराची, परवान्याच्या बाहेर. 'नाणी दुसऱ्याला पाठवा', 'दुसऱ्या दुकानात वापरा' किंवा 'परत पैसे घ्या' यातलं एकही बटण टाकलंत की चित्र बदलतं. नशिबावर नाणी देणारं चक्र तर मुळीच ठेवू नका, जुगाराचे कायदे तिथे फार कडक आहेत.

टिळकब्रिज

माझं वरचं म्हणणं थोडं सुधारतो. मालाला आणि डेटाला मोकळं, ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या मेसेजला आणि पैशाला बंदिस्त. हे आधी धरलं नव्हतं.

खारफुटी

सर्वांचे मनापासून आभार. इथलं वाचून कामाचा क्रम असा लावतेय, चुकत असेल तर सांगा.

आधी साइन-अपचा फॉर्म: जीएसटी क्रमांकाचा रकाना, देशाचे तीन पुरावे, एनआरआयसी नाही, जाहिरातीची संमती वेगळी आणि टिक न केलेली. मग दवाखान्यांचा करार: डेटा मध्यस्थ, २४ तास, आसियानची कलमं, काम भारतात, फक्त वापराचा हक्क. ओटीपी ईमेलवर. पालकांची फी ॲग्रिगेटरमधून, दवाखान्यांची वायरने. सिंगापूरच्या जीएसटीची नोंदणी आत्ता नाही, पण दर तिमाहीला दोन्ही आकडे तपासायचे.

एकच शंका. आपला २०२३ चा डेटा कायदा सिंगापूरच्या रुग्णांच्या डेटालाही लागणार का, सर्व्हर मुंबईत आहे म्हणून?

पालवी

क्रम बरोबर आहे. फक्त करार फॉर्मच्या आधी घ्या, कारण दवाखाना काही रकाने बदलायला लावेल.

शंकेबद्दल: परदेशातल्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी केलेल्या करारानुसार, भारताबाहेरच्या लोकांचा डेटा इथे हाताळला तर त्या कायद्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट आहे. सुरक्षेची जबाबदारी राहते. म्हणजे दवाखान्यांचा डेटा सुटला. शिकवणीच्या मुलांचा सुटला असं धरू नका, कारण तो तुम्ही थेट पालकांकडून स्वतःच्या कामासाठी घेता. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दोन्ही उत्पादनांचे डेटाबेस आतापासून वेगळे ठेवा, एकाच सर्व्हरवर असले तरी.

आगरी_बाणा

आणि बॅकअपसुद्धा वेगळे. डेटाबेस वेगळे करून रात्रीचा बॅकअप एकाच फाइलमध्ये जात असेल, तर एका दवाखान्याने करार संपवून 'आमचा डेटा पुसा' म्हटल्यावर तो बॅकअपमधून काढता येत नाही.